डोकं शांत ठेवायला ॲप घेतलं आणि आता त्याचंच टेन्शन, रोज जमेल असं साधं काही सुचवा

अर्धवट_वही :

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच लिहितेय त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलला राहते. अभ्यास जमत नाही असं नाहीये, मार्क बरे असतात, पण गेले काही महिने टेन्शन अगदी अंगात मुरल्यासारखं झालंय. सबमिशन संपलं की व्हायवा, व्हायवा संपला की टेस्ट, आणि यातलं काहीच नसेल तेव्हा "काहीतरी राहिलंय आणि मला आठवत नाहीये" याचं टेन्शन. परवा लायब्ररीत एकच पान पाऊण तास उघडून बसले होते, शेवटी शेजारची मैत्रीण हळूच म्हणाली अगं तू श्वास घेतेयस ना, तेव्हा लक्षात आलं की खांदे पार कानापर्यंत चढलेत, दातावर दात दाबलेत आणि पेन एवढं घट्ट धरलंय की बोटाला खड्डा पडलाय.

मग सगळे करतात तेच केलं, मेडिटेशनचं एक ॲप घेतलं. रोज १५ मिनिटं डोळे मिटून बसायचं. २३ दिवसांची स्ट्रीक, म्हणजे एकही दिवस न चुकवता सलग २३ दिवस, झाली होती हो! एक दिवस लॅबमधून रात्री उशिरा आले आणि शूजसकट झोपले, सकाळी ॲप उघडलं तर शून्य. आणि मी चक्क रडले. रूममेट आधी घाबरली, मग कारण कळल्यावर एवढी हसली की तिला उचकी लागली. आता मलाही हसू येतं पण तेव्हा खरंच वाटलं की शांत बसण्यात पण मी नापास.

शिवाय खरं सांगायचं तर त्या २३ दिवसांतही मन काही रिकामं बिकामं झालं नाही. डोळे मिटले की उलट विचार दुपटीने येतात, ती बाई हळू आवाजात म्हणत असते विचारांना ढगासारखं जाऊ द्या आणि माझे ढग तिथेच बसून असाइनमेंट लिहीत असतात.

तर प्रश्न असे की हे माइंडफुलनेस म्हणजे नक्की काय करायचं असतं? वेगळा वेळ न काढता दिवसभरात करता येईल असं काही आहे का, कारण १५ मिनिटं काढणं हेच एक काम होऊन बसतं? आणि हे सगळं थोतांड तर नाही ना? स्वतः करून पाहिलेलं सांगा प्लीज, "सकारात्मक राहा" वगैरे नको.


खिडकीतला_बाक :

स्ट्रीकचं वाचून हसलो, सॉरी. मी पीएचडी करतोय, म्हणजे टेन्शनमध्ये तुझ्यापेक्षा सीनियर आहे असं समज.

पहिली गोष्ट, मन रिकामं करायचंच नाहीये. हे कोणी पसरवलं माहीत नाही पण निम्मे लोक याच गैरसमजापायी सोडून देतात. डॅनियल वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये एक प्रयोग केला होता, लोकांना सांगितलं पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. तू डोळे मिटून "असाइनमेंटचा विचार नको" म्हणतेस तेव्हा तेच होतंय, त्यात तुझा दोष काहीच नाही.

आपल्याकडे यासाठी एक झकास शब्द आधीपासून आहे, भानावर येणं. आपण म्हणतो ना, "मी एकदम भानावर आलो". बस, तेवढंच. गंमत म्हणजे मूळ पाली शब्द 'सति', म्हणजे स्मृती, आठवण. १८८१ मध्ये ऱ्हीस डेव्हिड्स यांनी पाली ग्रंथांचं भाषांतर करताना त्यासाठी इंग्रजीत माइंडफुलनेस हा शब्द वापरला आणि मग तोच चिकटला. म्हणजे काय, तर आत्ता मी कुठे आहे याची आठवण होणं. मैत्रिणीने विचारलं श्वास घेतेयस ना आणि तुला खांदे कळले, दात कळले, पेन कळलं, तो क्षण म्हणजेच माइंडफुलनेस! २३ दिवसांच्या स्ट्रीकपेक्षा तो एक क्षण मी जास्त धरेन.

मन भटकणार, ते त्याचं कामच आहे. भटकलंय हे कळलं की परत आणायचं, पुन्हा भटकेल, पुन्हा आणायचं. व्यायाम तो आणण्यात आहे. शंभर वेळा भटकलं तर शंभर वेळा व्यायाम झाला, वाईट सेशन असं काही नसतंच.

आता वेगळा वेळ न काढता कसं करायचं. मी काय केलं तर रोज नाहीतरी होणाऱ्याच गोष्टी पकडल्या, जिना, दार आणि हात धुणं. माझी लॅब तिसऱ्या मजल्यावर आहे. नियम असा की जिना चढताना फोन खिशात आणि लक्ष तळपायात. टाच टेकतेय, पंजा टेकतोय, मांडीत ओढ येतेय. पहिल्या मजल्यापर्यंत जमतं, दुसऱ्यावर गाईडने काल पाठवलेला ईमेल आठवतो, तिसऱ्यावर परत पायात येतो. एवढंच. हात धुताना पाण्याचा गारपणा आधी कुठे लागतो ते बघायचं, मनगटाला की बोटांना. वेडेपणा वाटेल पण वीस सेकंदांचं काम आहे आणि दिवसातून आठदहा वेळा आपोआप होतं, वर कोणी स्ट्रीक मोजत नाही.

जॉन कबाट-झिन नावाच्या प्राध्यापकांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल कॉलेजात दुखण्याच्या पेशंटसाठी काही आठवड्यांचा माइंडफुलनेसचा कोर्स सुरू केला, आज सगळीकडे जे चालतं त्याचा बराच भाग तिथून आलाय. त्यात बसायचा सराव भरपूर आहेच, पण सोबत एक मनुका हातात घेऊन पाच मिनिटं बघायची, वास घ्यायचा, मग हळू चावायची असलाही प्रकार आहे. मी मनुकेवर पाच मिनिटं नाही घालवली, प्रामाणिकपणे सांगतो, मी ती लगेच खाल्ली. पण जेवताना पहिले तीन घास फोन उलटा ठेवून खातो, ते जमतं.


नियम_मोडका :

स्ट्रीक तुटली म्हणून रडणारी तू एकटी नाहीस. मी भाषा शिकायच्या ॲपवर २०० दिवसांची स्ट्रीक वाचवायला मावसभावाच्या लग्नात स्टेजच्या मागे जाऊन "हे माझं सफरचंद आहे" म्हणत उभा होतो. ती नोटिफिकेशनं आधी बंद कर, निम्मं टेन्शन तिथेच जाईल.


आकडे_दाखवा :

थोतांड आहे का असं विचारलंयस म्हणून लिहितो, नाहीतर अशा धाग्यांवर मी येत नाही.

थोतांड नाही, पण जेवढं विकलं जातं तेवढंही नाही. ब्रिटनमध्ये शाळांतून एक मोठी चाचणी झाली, ११ ते १३ वयाची ८ हजारांहून जास्त मुलं, काही शाळांत माइंडफुलनेसचे तास, काही शाळांत नेहमीचंच. २०२२ मध्ये निकाल आले, तर मुलांच्या मानसिक आरोग्यात नेहमीच्या शिकवण्यापेक्षा काही फायदा दिसला नाही. तेव्हा सगळ्यांना एकाच वेळी वर्गात बसवून डोळे मिटायला लावलं की झालं, हे डोक्यातून काढून टाका.

दुसरं म्हणजे टेन्शन हे दर वेळी डोक्यातच असतं असं नाही, बऱ्याचदा ते टाइमटेबलमध्ये असतं. माझ्या कॉलेजने एका आठवड्यात चार सबमिशन ठेवली आणि त्याच आठवड्यात शनिवारी तणावमुक्तीचं वर्कशॉप, कंपल्सरी, अटेंडन्ससह! चौथं सबमिशन मी त्या वर्कशॉपच्या शेवटच्या रांगेत बसून लिहिलं, समोर पडद्यावर समुद्राच्या लाटा चालू होत्या. त्यामुळे श्वास वगैरे जरूर घ्या, पण सोबत तीनचार जणांनी मिळून सरांकडे जाऊन तारीख पुढे मागायला पण शिका. आमची दोन सबमिशनं पुढच्या आठवड्यात गेली, आणि त्या दिवशी जेवढं हलकं वाटलं तेवढं कुठल्याही लाटांनी वाटलं नाही.


खिडकीतला_बाक :

@आकडे_दाखवा सहमत आहे, आणि वर्कशॉपच्या अटेंडन्सवर तर शंभर टक्के. फक्त एक जोडतो, त्या चाचणीत बहुतेक पोरांनी घरी सराव केलाच नव्हता. वर्गात ऐकलं आणि सोडून दिलं. पोहण्याचं लेक्चर ऐकून कोणी पोहत नाही. अर्थात जबरदस्तीने शिकवलं की पोरं सराव करत नाहीत हाही एक निष्कर्षच झाला, त्यामुळे तुझा मुद्दा राहतोच.


फळा_आणि_खडू :

मी शिकवण्याच्या पेशात आहे, वीसेक वर्षं झाली. तोंडी परीक्षेला टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसून मी जे बघितलंय ते सांगते.

मुलं आत येतात तेव्हा चेहऱ्याआधी हात बोलतात. मागच्या वर्षी एक मुलगा आला, अत्यंत हुशार, जर्नल सुंदर. पहिला प्रश्न मी मुद्दाम सोपा विचारला, याला उत्तर येईना. जर्नलचा कोपरा दुमडतोय, उलगडतोय, पुन्हा दुमडतोय, आणि श्वास गळ्यापाशी. मी म्हटलं थांब रे, आधी दोन्ही पाऊलं जमिनीवर टेकव. नीट टेकव, फरशी गार आहे का सांग मला. तो गोंधळला, त्याने सँडलमधून अंगठा खाली टेकवला आणि म्हणाला, आहे मॅडम. म्हटलं आता श्वास आत घे, आणि सोडताना मेणबत्ती विझू न देता फुंकर मारतोस तसा सावकाश सोड. तीन वेळा केलं, मिनिटसुद्धा लागलं नसेल. मग त्याने उत्तर दिलं, आणि पुढच्या दोन प्रश्नांची तर मला थांबवावं लागलं इतकी दिली.

यात जादू नाही. आत्ता हे वाचताना मनगटावर नाडी धरून बघा. श्वास घेताना ठोके थोडे भरभर पडतात, सोडताना थोडे संथ होतात, नीट लक्ष दिलंत तर बोटांना कळतं. शरीराला शांत करणारी एक लांबच लांब नस मेंदूपासून पोटापर्यंत जाते, व्हेगस नर्व्ह, आणि श्वास सोडताना हृदयावर तिचा लगाम जास्त चालतो. म्हणून सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा लांब ठेवायचा, चार मोजत आत तर सहा किंवा आठ मोजत बाहेर. मोजण्यात गडबड झाली तर मोजू नका, फक्त लांब सोडा. "मोठा श्वास घे" असं आपण म्हणतो ना, त्याने घाबरलेली मुलं नुसतीच घेत सुटतात आणि अजून गरगरतं. मी आता "सोड" एवढंच म्हणते.

पेन घट्ट धरण्याबद्दल लिहिलंयस, त्यावर एक जुना उपाय आहे. एडमंड जेकबसन नावाच्या डॉक्टरांनी १९२० च्या दशकात हा मांडला. माणसाला आपले स्नायू ताणलेले आहेत हेच कळत नाही, म्हणून "सैल सोड" म्हटलं तरी सोडायचं काय ते कळत नाही. म्हणून आधी मुद्दाम आवळायचं. मूठ पाचसात सेकंद घट्ट आवळ आणि मग एकदम सोडून दे, सोडल्यावर हातात जे ऊबदार जड जड वाटतं ना त्याकडे दहावीस सेकंद लक्ष दे. मग खांदे कानापर्यंत ओढ आणि टाक. मग कपाळ, जबडा, पोट, पाय. दुखरा भाग असेल तर तो सोडून द्यायचा. अंथरुणात पडल्यापडल्या कर, बऱ्याचदा पोटऱ्यांपर्यंत पोचायच्या आत झोप लागते.

आणि परीक्षेआधी वर्गाबाहेर शेवटच्या मिनिटाला जे पुस्तक चाळणं चालतं त्याऐवजी हे करून बघ. २०११ मध्ये एक अभ्यास आला होता, परीक्षेच्या लगेच आधी दहा मिनिटं मुलांना मनातली भीती कागदावर लिहायला लावली, आणि एरवी परीक्षेला फार घाबरणाऱ्या मुलांना त्याचा चांगलाच फायदा झाला. कारण असं सांगतात की काळजी डोक्यात फिरत राहिली की गणितं मांडायला लागणारी जागा ती अडवून बसते. मी माझ्या वर्गाला कोऱ्या चिठ्ठ्या देते, लिहा आणि फाडून टाका, मी वाचणार नाही. एकाने मोठ्या अक्षरांत फक्त माझं नाव लिहून फाडलं. तुकडे बाकाखाली सापडले म्हणून कळलं.

पण टेन्शन पार शून्य करायच्या मागे लागू नकोस हो. यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी १९०८ मध्ये उंदरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की अवघड कामात फार जोराचा धक्का शिकणं बिघडवतो आणि अगदीच मिळमिळीत धक्क्याने शिकणं रखडतं, मधला बरा. टेबलापलीकडे बसून मला ते रोज दिसतं, अजिबात न घाबरलेली मुलंही काही फार चमकत नाहीत.


उलटा_श्वास :

मॅडमचं सगळं पटलं पण एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून लिहितो, काही जणांना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट जास्त घाबरायला होतं, मी त्यातला. श्वास बघायला लागलो की वाटतं आता तो मलाच चालवावा लागेल आणि मी विसरलो तर काय, छातीत धडधड, हाताला मुंग्या. दोन वर्षं मला वाटत होतं की मीच बिघडलेला पीस आहे, कारण सगळे म्हणायचे श्वासावर लक्ष दे बरं वाटेल. मग काउन्सेलर म्हणाल्या की हे बऱ्याच जणांना होतं, मग श्वासाचा हट्ट कशाला, डोळे पण उघडे ठेव, लक्ष बाहेर ने.

म्हणून मी आवाज ऐकतो. वर्गात बसल्याबसल्या सगळ्यात लांबचा आवाज कोणता ते शोधायचं, मग त्याच्याहून जवळचा, मग अगदी आपल्या बाकावरचा. पंख्याला चार आवाज असतात हे मला यातूनच कळलं, एक घरघर, एक टिकटिक, एक वाऱ्याचा आणि एक मधूनच येणारा कण्हल्यासारखा. जोरात घाबरायला झालं तर पाच चार तीन दोन एक करतो, पाच दिसणाऱ्या वस्तू मनात नाव घेऊन, चार स्पर्श, तीन आवाज, दोन वास, एक चव. वास कधीच दोन सापडत नाहीत, मग शोधण्यातच वेळ जातो आणि तोपर्यंत लाट उतरलेली असते. नाहीतर सरळ बेसिनवर जाऊन तोंडावर गार पाणी, त्याने पण ठोके खाली येतात, पाण्यात बुडी मारल्यावर शरीर जे करतं तेच थोडंसं होतं म्हणे (हार्टचा त्रास असेल त्यांनी मात्र बर्फाच्या पाण्यात तोंड वगैरे घालू नये, आधी डॉक्टरला विचारा).

आणि @अर्धवट_वही, हे सगळं रोजच्या टेन्शनसाठी ठीक आहे. झोप आठवडेच्या आठवडे उडालीय, जेवण जात नाही, कशातच काही वाटेनासं झालंय किंवा जगणंच नको असं मनात यायला लागलंय तर मग जिना आणि पंखा यांच्या भरवशावर बसू नकोस, सरळ काउन्सेलरला किंवा डॉक्टरला गाठ. आणि जगणं नको असं वाटलं तर त्या क्षणी एकटी राहू नकोस, रूममेटला उठव, हेल्पलाइनला फोन लाव, काहीही. मी जायला दोन वर्षं लावली आणि पहिल्या दिवशी तिथून बाहेर पडताना एवढंच वाटलं की दार इतकं जवळ होतं.


अर्धवट_वही :

बाप रे एवढं सगळं! सगळ्यांना मनापासून थँक्यू. @उलटा_श्वास, तेवढं गंभीर नाहीये, पण लिहिलंस ते बरं केलंस, रूममेटलाही वाचायला दिलं आणि ती बराच वेळ गप्प होती.

नोटिफिकेशनं बंद केली. मॅडम, मूठ आवळून सोडली आणि खरंच कळलं की माझा जबडा चोवीस तास आवळलेला असतो. एकच राहिलं, रात्रीची यादी. दिवे बंद झाले की हे करायचं ते करायचं सुरू होतं, त्याला काय करू?


झोपाळू_घुबड :

याच्यावर मी अधिकारवाणीने बोलू शकते कारण माझी यादी पहाटे तीनपर्यंत चालायची.

अर्धवट कामं संपलेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात हे १९२७ मध्ये ब्लूमा झायगार्निक नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईने लिहून ठेवलंय. डोक्याला भीती असते की विसरशील, म्हणून ते दर दोन मिनिटांनी दार वाजवतं. तर त्याला कागदावर लिहून दाखव. २०१८ मधला एक छोटा अभ्यास आहे, ५७ तरुण मंडळी, झोपायच्या आधी पाच मिनिटं निम्म्यांनी उद्यापरवा करायची कामं लिहिली, बाकीच्यांनी झालेली कामं लिहिली. करायची कामं लिहिणाऱ्यांना झोप लवकर लागली, आणि जितकं बारीक लिहिलं तितकी लवकर. मला आधी वाटलेलं की उलटं होईल, कामं बघून अजून घाम फुटेल, पण नाही.

फक्त लिहायचं कसं ते महत्त्वाचं. "प्रोजेक्ट" असं लिहिलंस तर रात्रभर तेच फिरेल. "सकाळी दहाला रिपोर्टचं तिसरं पान उघडायचं आणि आकृतीला नाव द्यायचं" असं लिही, म्हणजे उद्या सकाळच्या तू ला विचार न करता सुरुवात करता येईल. आणि कागदावरच लिही गं, फोनवर लिहायला गेलीस की हात आपोआप रील्सकडे जातो, मी स्वतःला ओळखते.

दुसरं, कॉफी. कॉफीतल्या कॅफीनपैकी निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, कुणाला जास्तच. म्हणजे संध्याकाळी सातला घेतलेल्या मगातली निम्मी रात्री बाराला अजून अंगात फिरतेय आणि आपण म्हणतो मला ओव्हरथिंकिंगचा त्रास आहे! मी दुपारी दोननंतर बंद केली. पहिला आठवडा डोकं दुखलं, माणसं नकोशी झाली, मग बरं वाटलं.

आणि मूळ प्रश्न कोणीच विचारला नाही म्हणून विचारते, तू झोपतेस किती? तुझ्या वयाला सात तास तरी हवेतच. पाच तास झोपून माइंडफुल राहायला बघणं म्हणजे चार्जर न लावता फोनचा ब्राइटनेस कमी करत बसणं.


आकडे_दाखवा :

५७ जणांचा अभ्यास फारच लहान आहे, एवढंच नोंदवतो.

(काल रात्री यादी लिहून झोपलो. पुढचं विचारू नका.)


नियम_मोडका :

@आकडे_दाखवा ५८ झाले.


अर्धवट_वही :

अपडेट देते म्हटलं, सोळा दिवस झाले. (मोजले नाहीत, धाग्याची तारीख बघितली!)

ॲप उडवलं. सगळं नाही करत, खरं सांगते. मनुका माझ्याच्याने पण झाली नाही. पाच चार तीन दोन एक एकदाच केलं, बसमध्ये, आणि वास दोन नाही चांगले सहासात सापडले, त्यातला एकही नको होता. जिना मात्र चाललाय, आमचा दुसऱ्या मजल्यापर्यंतच आहे त्यामुळे मेंदूला ईमेलपर्यंत पोचायला वेळ मिळत नाही. यादी रोज लिहिते, एक जुनी वही होती तिच्या मागच्या पानांवर. दोन रात्री तरी झोप आली नाहीच, पण यादी फिरत नव्हती, नुसतीच जागी होते, ते निदान वेगळं होतं. झोप साडेपाच तास होती ती साडेसहावर आलीय, सातला अजून पोचले नाही, @झोपाळू_घुबड ओरडू नकोस.

आम्ही पाच जणी मिळून सरांकडे गेलो होतो तारीख मागायला. नाही मिळाली. पण सर म्हणाले दोन रिपोर्टचा पहिला भाग सारखाच आहे तर एकदाच लिहा, दोन्हीकडे चालेल. हे आम्हाला आधी कोणी सांगितलंच नव्हतं, एक अख्खी रात्र वाचली.

काल व्हायवा होता. बाहेर बाकावर बसले होते आणि सवयीने पुस्तक उघडलं, तेवढ्यात पेन परत तसंच घट्ट धरलंय हे माझं मला कळलं, कोणी न सांगता. मूठ आवळली, सोडली, फुंकर मारली. समोरच्या मुलाने विचारलं काय गं बोट भाजलं का. आत गेले, चार प्रश्नांपैकी तिसरा आला नाही, "येत नाही सर" म्हणाले आणि चौथ्यावर गेले. बाहेर आल्यावर बोटाकडे बघितलं तर खड्डा होता, पण कमी खोल. रूममेट म्हणतेय आता याची पण स्ट्रीक मोजू नकोस.